विमानाच्या शेपटीवरची अक्षरं आणि वैमानिकाचं लायसन्स

मा. महासचिव,
आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, माँट्रियल यांस,

स. न. वि. वि.

मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. लॉगबुकात ३,२०० तास आहेत, त्यातले बहुतेक एअरबस ए-३२० वरचे. परदेशात नोकरी मिळायची तर तिथलं लायसन्स हवं, म्हणून गेले सव्वा वर्ष मी कन्व्हर्जनच्या, म्हणजे जुन्या लायसन्सवरून नव्या देशाचं लायसन्स मिळवण्याच्या मागे आहे. तक्रार एका कार्यालयाची असती तर तिथेच अर्ज दिला असता. पण ही गाठ आपल्याच करारात बसलेली आहे, म्हणून आपल्याला लिहितोय.

१९४४ च्या शिकागो कराराचं कलम ३३ सांगतं की, आपल्या संघटनेच्या किमान मानकांना उतरणारं लायसन्स बाकीच्या सदस्य देशांनी मान्य करावं. वाचून हायसं वाटतं. पण ही मान्यता त्या लायसन्सला आहे, जे विमानाची नोंदणी असलेल्या देशाने दिलंय किंवा ग्राह्य धरलंय. म्हणजे माझ्या देशात नोंदलेलं विमान घेऊन मी जगभर कुठेही उतरू शकतो. तेच मॉडेल, तेच कॉकपिट, तीच चेकलिस्ट. फक्त शेपटीकडची नोंदणीची अक्षरं दुसऱ्या देशाची झाली की माझं लायसन्स मुकं होतं.

ब्रेक्झिटच्या वेळी हे सगळ्यांनी पाहिलं. ३१ डिसेंबर २०२० ला ज्या ब्रिटिश लायसन्सवर युरोपीय नोंदणीचं विमान चालत होतं, ते दुसऱ्या दिवशी चालेना. त्या एका रात्रीत कुणी लँडिंग विसरलं नव्हतं.

परीक्षा नकोत असं माझं म्हणणं नाही. नव्या देशाचा हवाई कायदा मला यायलाच हवा, आणि सिम्युलेटरमध्ये टेकऑफलाच एक इंजिन बंद करून माझी परीक्षा घ्या, आनंदाने देईन. पण युरोपच्या नियमांत बाहेरच्या एटीपीएलधारकाला (एटीपीएल म्हणजे वैमानिकाचं सर्वोच्च दर्जाचं लायसन्स) थिअरीचे सगळे १३ पेपर द्यावे लागतात, प्रत्येकात ७५ टक्के, आणि तेही १८ महिन्यांत. त्यात हवामानशास्त्र आहे, उड्डाणाची तत्त्वं आहेत. देश बदलला म्हणून पंखावरचं बर्फ वेगळं वागतं का?

आता माझा मुख्य मुद्दा. त्याच कराराच्या कलम ३८ प्रमाणे, एखाद्या देशाचा नियम आपल्या संघटनेच्या मानकापेक्षा वेगळा असेल तर तो फरक त्या देशाने संघटनेला कळवायचा असतो. म्हणजे कुठल्या दोन देशांच्या लायसन्समध्ये काय कमी-जास्त आहे, याचा हिशेब मांडायची सोय माँट्रियलमध्ये आधीपासून आहे. मग परीक्षा त्या फरकापुरतीच का नको? फरक चार विषयांत असेल तर चार पेपर घ्या. फरक कळवण्यात देश कुचराई करतात हे खरं, पण त्याचा दंड वैमानिकाने का भरायचा?

दुसरी अडचण पडताळणीच्या पत्राची. लायसन्स खरं आहे असं जुन्या देशाच्या प्राधिकरणाने नव्या प्राधिकरणाला परस्पर कळवायचं, मधे अर्जदाराचा हात नाही. हे योग्यच आहे. २०२० मध्ये पाकिस्तानच्या विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत २६२ वैमानिकांच्या लायसन्सवर संशय व्यक्त केला, तेव्हा पडताळणी कशासाठी असते ते जगाला कळलं. पण त्याच वेळी व्हिएतनामसारख्या देशांनी आपल्याकडचे पाकिस्तानी वैमानिक सरसकट जमिनीवर बसवले. ज्यांचं लायसन्स खणखणीत होतं तेही खुलासा येईपर्यंत बसून राहिले. पडताळणी संथ असली की खोट्याबरोबर खराही अडकतो.

माझ्या पत्राची कथा त्यापुढे किरकोळ आहे. मेडिकल, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र, संपण्याची तारीख ०४/०७ अशी लिहिलेली. पाठवणाऱ्याच्या लेखी ४ जुलै, वाचणाऱ्याच्या लेखी ७ एप्रिल. त्या हिशेबाने मेडिकल संपलेलं, म्हणून फाइल परत. दुरुस्त पत्र यायला ११ आठवडे लागले. महिना अक्षरात लिहिला असता तर हे काहीच झालं नसतं.

आणि असे आठवडे साठत गेले की काय होतं? ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झाली नाहीत तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. मग सिम्युलेटरचे तास स्वतःच्या खिशातून. ज्या कौशल्याची खातरजमा चाललेली असते, तेच वाट बघण्यात गंजतं. या एवढ्या एका गोष्टीवर मी खरोखर चिडतो.

जहाजावरच्या अधिकाऱ्यांचं बघा. एसटीसीडब्ल्यू, म्हणजे जहाजावरच्या लोकांचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, दुसऱ्या देशाच्या ध्वजाखाली काम करायचं तर त्यांनाही मान्यतेचा शिक्का लागतो. पण अर्ज केल्याचा पुरावा असेल तर तो शिक्का येईपर्यंत, जास्तीत जास्त तीन महिने, त्या जहाजावर काम करू देण्याची मुभा ध्वजाच्या देशाला आहे. समुद्रावर हे चालतं. आकाशात प्रवासी मागे बसलेले असतात, मान्य. म्हणून आधी सिम्युलेटर चेक घ्या आणि मग प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसवा. पण हात चालू राहू द्या.

आपण देशांना हुकूम देऊ शकत नाही, याची मला कल्पना आहे. पण कराराच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे लायसन्सची मानकं असलेल्या भागात, पडताळणीला उत्तर देण्याची मुदत घालता येईल. पत्राचा एकच नमुना ठरवता येईल. इलेक्ट्रॉनिक लायसन्सची तरतूद आपण केलीच आहे. ते दुसऱ्या देशाच्या टेबलावर लगेच तपासता आलं तर पत्राची गरजच किती उरेल?

इथेच थांबतो. मंगळवारी हवामानशास्त्राचा पेपर आहे, आणि ज्या ढगांना टाळत इतकी वर्षं उडलो त्यांचे प्रकार पुन्हा पाठ करायचेत.

आपला,
एक फर्स्ट ऑफिसर