गणपतांचे डोळे आखायला शिकवणाऱ्या काकांना

हमरापूर, तालुका पेण

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

मोबाइलवर आलेलं तुम्ही काही वाचत नाही, हे ठाऊक आहे. पण तुमचा पुतण्या म्हणाला, "लिहा तुम्ही, जेवताना मी वाचून दाखवतो." म्हणून लिहितोय. आणि चारचौघांत लिहितोय, त्याचं कारण जरा लाजेचं आहे. गेलं वर्षभर माझ्या चिमुकल्या सैनिकांचे फोटो बघून लोक विचारतात, "डोळे कसे केलेस रे? चेहऱ्याला रंग कुठला?" आणि मी "सराव, दुसरं काय" म्हणून वेळ मारून नेतो. आज काय ते खरं सांगून टाकतो.

वाचणाऱ्यांना आमचा छंद माहीत नसेल, तर थोडक्यात. टेबलावर डोंगर, नदी, घरं मांडायची, २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक आणि त्याच मापाच्या गाड्या घेऊन एखादी लढाई खेळायची. मी 'बोल्ट ॲक्शन'च्या नियमांनी खेळतो. दोन्ही बाजूंचे फासे एकाच पिशवीत असतात आणि ज्याचा फासा हाताला लागेल त्याची पाळी. पण खेळ महिन्यातून एकदा. उरलेले दिवस जातात सैनिक प्लॅस्टिकच्या चौकटीतून कापण्यात, जोडण्यात, रंगवण्यात आणि डब्यात जे मिळालं त्यातून आपल्याला हवं ते घडवण्यात. या शेवटच्या उद्योगाला आम्ही कन्व्हर्जन म्हणतो. बायको त्याला चिरफाड म्हणते.

मला हवी होती मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक तुकडी, इटलीतली, एप्रिल १९४५ची. हाती आलेल्या डब्यात सगळे ब्रिटिश सैनिक. युद्धाच्या त्या टप्प्यावर गणवेशात फारसा फरक नव्हता, म्हणून म्हटलं चालेल. चाललं नाही. वेष इटलीतल्या पलटणीचा आणि चेहरे गुलाबी, डोळ्यांच्या जागी नुसती सावली.

तशात जुलैत घरचा गणपती ठरवायला तुमच्या कारखान्यात आलो. बाहेर धो धो पाऊस, आत मोठ्या दिव्यांखाली सुकत ठेवलेल्या मूर्ती आणि तुम्ही रांगेत बसून आखणी करत होता. एक मूर्ती, दोन डोळे, पुढची मूर्ती. मी रांग संपेपर्यंत उभा राहिलो. मग विचारलं, "काका, हात हलत नाही कसा?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "हलतो की. ब्रश टेकायच्या आधी हलून घेतो."

पुढच्या रविवारी औषधाच्या गोळ्यांच्या डबीत कापूस घालून चार सैनिक घेऊन आलो. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून एकेकाला दिव्यापुढे धरलंत आणि पहिलाच प्रश्न टाकलात, "ह्यांना डोळे का नाहीत?" मी हिशेब सांगितला. खऱ्या बुबुळाची रुंदी साधारण १२ मिलिमीटर. माझे सैनिक खऱ्या माणसाच्या छप्पन्नाव्या हिश्श्याचे, म्हणजे बुबुळ जेमतेम ०.२ मिलिमीटर. मी काढायला गेलो की बेडकासारखे बटबटीत होतात. तुम्ही माझा तीन शून्यांचा ब्रश मागितलात, बोटात फिरवलात आणि हसलात. "ह्याच्या पोटात रंग राहणार कुठे? टोकाला येईपर्यंत वाळतो." मग स्वतःचा ब्रश दिलात. माझ्या ब्रशच्या मानाने जाडजूड, पण ओला केला की सुईसारखं टोक धरणारा.

त्या अर्ध्या तासात जे दाखवलंत, ते मी अजून तसंच करतो. कोपर बरगड्यांना घट्ट, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकलेली, म्हणजे हलले तरी दोन्ही हात एकत्र हलतात. प्रत्येक टिंबाआधी ब्रश अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचा. पांढरा रंग आधी भरून त्यात बुबुळ शोधायचं नाही. आधी डोळ्याची फट गडद तपकिरीने भरायची, मग दोन्ही कोपऱ्यांत हस्तिदंती रंगाचा कण ठेवायचा, मधे उरेल ते बुबुळ. वरच्या पापणीला रेघ द्यायची, खालच्या पापणीला हात लावायचा नाही. "खालून रेघ मारलीस की माणूस दचकलेला दिसतो." माझी सगळी पलटण आजवर दचकलेली का होती, ते तेव्हा कळलं.

मी सहज म्हणालो, या पलटणीतल्या जवानांना लाडाने 'गणपत' म्हणतात. तुम्ही ब्रश खाली ठेवलात. "म्हणजे आमच्याच लाइनीतले!" आणि मग आपण होऊन विचारलंत, "माणगावकडचे घाडगे ह्याच पलटणीत ना?" ह्याच. नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, तिबेर नदीचं वरचं खोरं. सेक्शनमधले, म्हणजे त्यांच्या छोट्या गटातले, बाकी सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून भिडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळाला. इटलीत मोंतोने गावी आता त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलंय. तुम्हाला यातलं बरंचसं ऐकून माहीत होतं. मला पुस्तकं चाळून कळलं होतं.

चेहऱ्याच्या रंगाचं थोडक्यात सांगतो, कारण सगळ्यांत जास्त लोक हेच विचारतात. बाजारातल्या 'त्वचे'च्या बाटलीत मी काळपट तपकिरी मिसळत होतो आणि उजेडाच्या जागी पांढरा. माणसं आजारी दिसत, राख फासल्यासारखी. तुम्ही बाटली बाजूला सारलीत. काव, पिवडी, जरा काळसर तपकिरी, आणि उजेडाला पांढऱ्याऐवजी पिवडीच वाढवायची, नाकाच्या शेंड्याला किंचित केशरी. "आपल्या कातडीला पांढरा हात लावला की ती मरते," असं म्हणालात. आता माझ्या तुकडीतल्या प्रत्येकाचा रंग वेगळा आहे. एक तर हुबेहूब माझ्या मामासारखा झालाय, मामांना अजून दाखवलेला नाही.

वार्निशचाही उपकार आहेच. भर पावसाळ्यात गॅलरीत उभं राहून मॅट वार्निशचा फवारा मारला आणि सकाळी बारा सैनिकांवर बुरशी धरल्यासारखा पांढरा थर. मी रडकुंडीला येऊन फोन केला, तुम्ही शांतपणे म्हणालात, दमट हवेत मारलंस ना, मग होणारच. त्यावर ब्रशने चमकदार वार्निशचा हात दे, पांढरेपणा जाईल. मॅट परत मारायचं ते कोरड्या दिवशी. गेला पांढरेपणा. पावसाळ्यातच ज्यांचा सगळा धंदा, त्यांना हवेबद्दल मी काय सांगणार!

पण हे पत्र खरं म्हणजे एका कापलेल्या सैनिकाबद्दल आहे.

९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. दोन्ही काठांना उंचच उंच पूरबांध, बांधांत जर्मन मोर्चे, सभोवार सुरुंग. नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. पहिल्याच माऱ्यात बरोबरची माणसं पडली. जाधवांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांतून मागे नेलं. परत जाऊन दुसऱ्याला आणलं. मग पुन्हा गेले आणि मोर्चे एकामागून एक बंद केले. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून दिली आणि बॉम्ब फेकत राहिले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो घ्यायला ते हयात होते.

मला तो पाण्यातला क्षण करायचा होता. पळणारा सैनिक घेतला, खांद्यावर दुसरा आडवा चिकटवला, कमरेपर्यंत पाणी. आठ संध्याकाळी गेल्या. माझ्या मते उत्तम झाला होता. तुमच्याकडे आणला तो शाबासकीसाठीच.

तुम्ही हातात घेऊन बराच वेळ फिरवलात. "रंग चांगला आहे." मग म्हणालात, "ह्याच्या पाठीवर माणूस आहे का उशी?"

"माणूस आहे, काका."

"मग ह्याला ते कळलंय का?"

मी गप्प. तुम्ही कोपऱ्यातलं प्लास्टरचं पोतं दाखवलंत आणि म्हणालात, उचल, पिंपापर्यंत जाऊन ये. कारखान्यातली पोरं हातातली कामं टाकून बघायला लागली. ऑफिसात बसून काम करणारा माणूस पोतं घेऊन कसा चालतो, हा प्रयोग फुकट बघायला कोणाला नको? तुमच्या पुतण्याने फोटो काढले. ते फोटो मी कोणाला दाखवणार नाही, पण त्यांत सगळं होतं. मान कासवासारखी पुढे. गुडघे एकदाही सरळ नाहीत. पावलं बाहेरच्या बाजूला फाकलेली. मोकळा हात तोल सांभाळायला लांब गेलेला. आणि माझा सैनिक? २६ जानेवारीच्या संचलनाला निघाल्यासारखा ताठ.

"कापावा लागेल का?" मी विचारलं. तुम्ही आग्रह केला नाहीत. "तुझा आहे, तू बघ," एवढंच. पेणहून पनवेलपर्यंत एसटीत डबी मांडीवर धरून बसलो होतो आणि मनात तुमच्यावर रागावलो होतो, हेही आज कबूल करतो. खेळायच्या वेळी दोन हातांवरून कोणाला दिसणार आहे गुडघा?

तिसऱ्या रात्री करवत काढली. कमर, मान, दोन्ही गुडघे. हातड्रिलने भोकं पाडून तांब्याच्या तारेचे तुकडे आत घातले, हवं तसं वाकवलं, फेविक्विकने पकडलं. सांध्यांत पडलेल्या फटी एम-सीलने भरल्या. परदेशात यासाठी हिरवी पुट्टी वापरतात. ती जास्त लवचिक असते, पण आपला एम-सील नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि घट्टही लवकर होतो. तो इतक्या लवकर घट्ट होतो की मी एका बैठकीत सगळं करायला जाऊन दोनदा फसलो. तुम्ही सांगितलंत, आज नुसतं मांस भर, कपडा उद्या. कपड्याबद्दलही तुमचंच ऐकलं. भिजलेलं लोकरी कापड मांडीला चिकटतं, त्याला चुण्या कमी पडतात पण खाली ओढलेल्या पडतात. दाभणाचं टोक पाण्यात बुडवून त्या ओढल्या. आयुष्यभर पितांबराच्या चुण्या काढलेल्या माणसाने सांगितलेल्या चुण्या आहेत त्या.

एका गोष्टीत मी तुमचं ऐकलं नाही. तुम्ही म्हणालात, जखमी माणूस धरून ठेवत नाही, तो लोंबतो. मी त्याची मान टाकली, पाय लोंबते ठेवले, पण एक हात जाधवांच्या खांद्यावरच्या पट्ट्यात अडकवला. मला तो जिवंत हवा होता. तुम्ही बघितलंत, जरा तोंड वाकडं केलंत आणि म्हणालात, "असू दे. थोडं तुझंही पाहिजे त्यात."

आता तो टेबलावर असतो. खेळाच्या नियमांत त्याला काही काम नाही. ज्या जागेसाठी दोन्ही बाजू भांडतात, ती जागा दाखवायला मी त्याला ठेवतो. पूरबांध २० फुटांचा धरला तर आमच्या मापात ११ सेंटीमीटर होतो, तोही केलाय, थर्माकोल आणि तुम्ही दिलेल्या शाडूचा. मूळची भावनगरकडची माती, तिच्यात हमरापूरची काव मिसळली, आणि झाला इटलीचा चिखल. परवा एक सोबती समोरून खेळायला आला. फासा काढायचा सोडून वाकून बघत बसला आणि म्हणाला, "हा दमलाय रे." मी तेव्हासुद्धा तुमचं नाव घेतलं नाही. म्हणून हे पत्र.

पैशांचं पाकीट तुम्ही सैनिकांच्याच डबीत घालून परत केलंत, ते घरी गेल्यावर सापडलं. पोरांना वडापाव आण म्हणालात, तो आणत राहीन. पण तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून राहिलंय. "ह्यांचं विसर्जन कधी?" तुम्ही विचारलंत, आणि मी नाही म्हटल्यावर जरा नवल वाटल्यासारखे गप्प झालात. मी त्यावर बराच विचार केला काका. उत्तर अजून नाही.

दुसरं काम मात्र आहे. सेनिओच्या त्या लढाईत बांधांवर आग ओकणाऱ्या गाड्या होत्या, त्यांना 'वास्प' म्हणत. साध्या युनिव्हर्सल कॅरियरवर, म्हणजे पट्ट्यांवर चालणाऱ्या छोट्या चिलखती गाडीवर, बसवलेला ज्वालाफेक्या. मी एका कॅरियरला संपलेल्या बॉलपेनच्या नळीची टाकी करून मागे जोडलीय, पुढे सुईची नळी काढलीय, गाडी झालीय. आग होत नाहीये. कापसाची ज्वाळा केली, बाहेरून पिवळी आणि आतून लाल रंगवली, तर ती होळीच्या सोंगासारखी दिसते. उजेड आत असतो की बाहेर, इथेच गाडी अडलीय. दिवाळी झाली की तुमच्याकडे कामाची घाई कमी असते, तेव्हा पहिल्या रविवारी येतो. डबी या वेळी मोठी आहे.

काकूंना नमस्कार.

आपला,
पनवेलचा डबीवाला

ता. क. : तो ब्रश माझ्याकडेच आहे. मागू नका.