लकडगंजातल्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन तिचं फिरतं घर करायला निघालेली आणखी काही मंडळी माझ्या ओळखीत आहेत आणि सगळ्यांची गाडी पलंगापाशीच अडली आहे.

तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये परदेशी गाड्यांचे फोटो होते. मागच्या दाराशी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा पलंग, खाली ऐसपैस कोठार. तुम्ही फोटो शांतपणे पाहिले आणि विचारलंत, ‘‘बाई, फोटोत कोणी रात्री उठत नाई. तुमच्या घरी कोणाले उठा लागते?’’

उठावं लागतं ह्यांना. म्हणजे रोज रात्री मला ओलांडून. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत. दुकानाच्या फरशीवर खडूने गाडीचा आतला आराखडा खऱ्या मापात काढलात आणि आम्हा दोघांना त्यात झोपायला लावलंत. गिऱ्हाइकं बघत होती, पाठीला भुसा लागत होता. उष्णतारोधक थर आणि प्लाय लावल्यावर आत रुंदी उरणार पावणेसहा फूट. हे सहा फुटी. पाय रेषेबाहेर गेले आणि वाद तिथेच मिटला. परदेशातल्या फियाट डुकाटो व्हॅनमध्ये आतली रुंदी 187 सेंटिमीटर, म्हणजे सहा फुटांच्या वर असते, तिथे आडवा पलंग शोभतो. आपल्या गाडीत नाही.

मग लांबीच्या दिशेने दोन पलंग, प्रत्येकी 26 इंच रुंद, मध्ये 17 इंचांची वाट. वाटेवर फळी टाकली की एकच मोठा पलंग. बैठकीचं रोज रात्री अंथरूण करायचा बेतही तुम्हीच मोडलात. बरं झालं. दिवसभर गाडी चालवून आल्यावर गाद्यांची जुळवाजुळव कोण करणार?

खरी मेहनत खालच्या कप्प्यांत आहे. रोजचं सामान वाटेकडून उघडणाऱ्या ड्रॉवरमध्ये, क्वचित लागणारं गादीखालच्या झाकणात. पाण्याची टाकी मागच्या चाकांच्या पुढे, तळाशी, कारण 80 लिटर पाणी म्हणजे 80 किलो, आणि ते अगदी मागे ठेवलं की पुढची चाकं हलकी होतात. छताजवळच्या कप्प्यांत फक्त कपडे. 18 मिलिमीटरचा एक आख्खा प्लाय तीस किलोंच्या वर जातो म्हणून जमेल तिथे 12 चा वापरलात. सागवानाचा माझा हट्ट तर ऐकूनच घेतला नाहीत. गादीखाली सलग फळी न टाकता पट्ट्या ठोकल्यात, त्यामुळे पावसाळ्यातही गादीला खालून ओल धरली नाही. नागपूरच्या मे महिन्यात पट्ट्यांमधून वारा येतो, पण तो गरमच असतो. त्याला तुम्ही तरी काय करणार.

आणि करवत चालवण्याआधी ‘‘आरटीओचा कागद दाखवा’’ म्हणालात, हेही लिहून ठेवते. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52, गाडीतल्या फेरबदलांचं. मला माहीत नव्हतं, तुम्हाला होतं.

चिखलदऱ्याच्या घाटात एकही ड्रॉवर उघडला नाही. प्रत्येकाला दाबून उघडायची कडी लावलीत तेव्हा मला ते पैसे जास्त वाटले होते.

फक्त डावीकडच्या झाकणाची बिजागरी करकरते. पोळ्यानंतर गाडी घेऊन येते. तेव्हा पैसे नको म्हणू नका.

तुमची,
ट्रॅव्हलरवाली बाई