गुडघा आणि शिट्टी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "बाबा, खेळ संपला" म्हणालास आणि गप्प झालास. मलाही शब्द सुचेनात. रात्री इंग्लंडचा फुटबॉलपटू ब्रायन क्लफ आठवला, म्हणून लिहायला बसलोय.

२६ डिसेंबर १९६२. क्लफच्या संडरलंड क्लबचं रोकर पार्क, थंडीनं टणक झालेलं मैदान. क्लफ चेंडूमागे धावला आणि समोरच्या गोलकीपरवर आदळला. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, तुझं तुटलंय तेच. वय सत्तावीस. पावणेदोन वर्षांनी परत उतरला, पण तीनच सामने खेळू शकला. लीगमधले एकूण सामने २७४, गोल २५१! असा माणूस घरी बसला म्हणजे काय झालं असेल, ते आज तुलाच जास्त कळेल.

क्लबनं त्याला लहान पोरांचा सराव दिला. मग तिसाव्या वर्षी हार्टलपूल्स या छोट्या क्लबचा मॅनेजर झाला. क्लब लीगच्या तळाशी, खिशात दमडी नाही. टीमची बस चालवता यावी म्हणून यानं लायसन्ससुद्धा काढलं. जोडीला पीटर टेलर, खेळाडू पारखणारा. दोघांनी पुढे डर्बी क्लबला दुसऱ्या डिव्हिजनमधून, म्हणजे खालच्या पातळीवरून, वर काढून १९७२ मध्ये इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं.

लीड्स क्लबात मात्र त्याचं चुकलं. आल्या आल्या तिथल्या खेळाडूंना म्हणाला, तुमची मेडलं कचऱ्यात टाका. ४४ दिवसांत नारळ मिळाला.

आणि मग नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लब! तिथला जॉन रॉबर्टसन मला फार आवडतो. अंगानं सुटलेला, क्लबला नकोसा झालेला. क्लफनं त्याला डाव्या बगलेवर उभं केलं आणि चेंडू त्याच्याकडेच द्यायला सांगितलं. १९७९ च्या युरोपियन कपच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या, फायनलमध्ये त्याच्याच क्रॉसवर ट्रेव्हर फ्रान्सिसनं डोक्यानं गोल केला. १९८० च्या फायनलमध्ये विजयी गोल रॉबर्टसननंच मारला. त्याच्या पाच वर्षं आधी हा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता रे.

क्लफचं सगळंच घेण्यासारखं नाही. दारूनं त्याचं फार नुकसान केलं. म्हणून सांगतो, रडू आलं तर रड, आम्हाला रात्री दोनला फोन कर, पण मनात कोंडून ठेवू नकोस.

सरांनी बारा वर्षांखालच्या पोरांना बघशील का विचारलंय ना? हो म्हण. खुर्ची टाकून बसलास तरी चालेल. तुझा गुडघा बरा होईल, डॉक्टरांनी तसं मला स्पष्ट सांगितलंय. तोवर शिट्टी तुझ्या गळ्यात असू दे.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येतोय. आई मेतकूट देतेय. फिजिओला काय विचारायचं ते कागदावर लिहून ठेव.

तुझा,
बाबा