पट्टा दारामागेच राहिला

मिरज
गुरुवार, रात्री

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मंगळवारी पहाटेच्या गाडीला तू निघालास तेव्हा मी जागाच होतो. मोरीत पाण्याचा आवाज आला, बूट घालायला वाकलास तेव्हा दम धरलास तोही ऐकू आला. उठलो नाही. आदल्या रात्रीचं बोलणं आधीच फार झालं होतं. सकाळी आईनं दार लोटलं तर पाठीचा पट्टा खिळ्याला तसाच लटकलेला. तो पाठवतोय. खोक्यात वर डिंकाचे लाडू आहेत, खाली पट्टा आहे.

गोळ्यांचं लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

तू दोन महिने आडवा होतास तेव्हा रात्री आपण फोनवर चिक वेब ऐकायचो, तो अमेरिकेतला जुना जॅझ ड्रमर. उभा जन्म माझा साइड ड्रमवर गेला, पण अशी काठी कधी ऐकली नव्हती. तू सांगायचास आणि मी ऐकायचो. तुझ्या लहानपणी उलटं असायचं. बॉल्टिमोरचा पोरगा, लहानपणीच पाठीच्या कण्याला क्षय, वाढ खुंटलेली, उंची कशीबशी चार फुटांच्या आसपास, पाठीला पोक. डॉक्टर म्हणाले, सांधे मोकळे व्हायला ड्रम वाजव. त्यानं पेपर विकून ड्रम घेतला. पुढं न्यूयॉर्कला हार्लेममध्ये सॅव्हॉय नावाच्या मोठ्या नाचघरात त्याचाच बँड. पाय पोचावा म्हणून खास बनवून घेतलेलं पेडल, आणि अठ्ठावीस इंची ड्रमच्या मागं माणूस जेमतेम दिसायचा. तो फोटो तू दोन बोटांनी मोठा करून दाखवलास. मला त्याचे हातच दिसत राहिले.

आणि ती ११ मे १९३७ ची रात्र! बेनी गुडमनचा बँड तेव्हा सगळ्यात गाजलेला, त्याच्याकडं जीन क्रुपासारखा ड्रमर, आणि दोन्ही बँड एकाच रात्री एकाच छताखाली. हजारो माणसं आत, हजारो बाहेर रस्त्यावर. चिकनं मैदान मारलं. क्रुपानं पुढं स्वतः ते कबूल केलं. हे सांगताना तू उशीवरनं उठून बसलास आणि आई ओरडली. मला मात्र आपला गणपतीतला चौक आठवला. समोरून दुसरा बँड आला, अण्णांनी क्लॅरिनेट वर केलं, आणि तू नऊ वर्षांचा, माझ्या पुढं ताशा घेऊन. पाऊण तास कुणी हटेना. शेवटी त्यांच्या मास्तरनं येऊन तुझ्या खिशाला दहाची नोट लावली. ती अजून देव्हाऱ्यात आहे, तुला माहीत नसेल.

एवढं सगळं सांगितलंस, शेवट मात्र सांगितला नाहीस. तो मी परवा ताईच्या मुलाकडून वाचून घेतला. वाजवून झालं की तो थकून बेशुद्ध पडायचा. तरी दौरे थांबवले नाहीत, मंदीचे दिवस होते, पोरांची कामं जातील म्हणून. १९३८ मध्ये त्याच्या बँडची गायिका एला फिट्झगेराल्ड, तिचं ते हरवलेल्या टोपलीचं गाणं सगळीकडं वाजत होतं, नाव झालं होतं, पैसा यायला लागला होता. वर्षभरात, १६ जून १९३९ ला, त्याच्याच गावात, जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात गेला. जेमतेम तिशी-पस्तिशीचा. म्हणतात, शेवटी आईला म्हणाला, मला जरा उठवून बसव. एवढं वाचून मी पोराला म्हटलं, बंद कर.

स्ट्रेप्टोमायसिन, क्षयावर लागू पडणारं पहिलं औषध, निघालं १९४३ ला. त्याच्यासाठी गोळी नव्हती रे. तुझ्यासाठी आहे, फुकट मिळते, आणि तू ती पिशवीच्या कुठल्या कप्प्यात टाकून गेलास कोण जाणे. बारा महिने म्हणजे बारा महिने. बरं वाटलं म्हणून सोडायची नसते. मधेच सोडली तर दुखणं उलटतं आणि मग साधी औषधं लागू पडत नाहीत. डॉक्टरांनी तुला समोर बसवून...

बघ, पुन्हा तेच झालं. माफ कर. सोमवारी रात्रीही असंच झालं.

खरं ते लिहितो. गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झालं, सीझन लागला आणि तू मदतीला आलास. तेव्हाच म्हणाला होतास, आबा, पाठ धरलीय. मी म्हटलं, ढोल गळ्यात घेणाऱ्याची पाठ दुखणारच, एवढ्या पाच सुपाऱ्या होऊ दे, मग दाखवू. बाम चोळून तुला जयसिंगपूरच्या वरातीत उभा केला. पाचाच्या नऊ झाल्या. तेव्हा दाखवलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही.

म्हणून तू "आठ जणांची घरं माझ्यावर आहेत" म्हणालास तेव्हा माझा आवाज चढला. ते वाक्य माझंच आहे. बावीस जणांचा बँड मी तेवढ्यावरच रेटला. पण चिक गेल्यावर त्याचा बँड बंद पडला नाही. एलाच्या नावावर १९४२ पर्यंत चालला. तुझ्याकडंही गाणारी पोरगी आहे, कालच्या व्हिडिओत मागं तबल्यावर बसणारा तो दाढीवाला आहे. दहा महिने त्याला ड्रमवर बसव, तू खुर्चीवर बसून हातानं सम दे. तसा वाजणार नाही, मलाही कळतं. तो व्हिडिओ मी अकरा वेळा बघितलाय. तिसऱ्या मिनिटाला तू रोल सोडून नुसता झांजेवर आलास, तिथं माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच जागी तू डावा खांदा उचललास. दुखलं की तू तसाच खांदा उचलतोस, पाळण्यात होतास तेव्हापासून.

आईनं विचारायला सांगितलंय, लघवी अजून केशरी होते का. होत असेल तर हो एवढंच कळव, गोळी चालू आहे असं मी समजेन, दुसरं काही विचारणार नाही. शनिवारी कार्यक्रम झाल्यावर फोन करू नकोस, दमलेला असशील. रविवारी सकाळी कर. उपाशीपोटीच घेतोस ना?

तुझे
आबा

ता. क. पट्ट्याचं डावं बक्कल सैल झालं होतं. स्टँडजवळच्या चप्पलवाल्याकडून दोन टाके घालून घेतलेत. आता टोचणार नाही.