मुंबई पाहायला येणाऱ्यांसाठी मेट्रोचे एक तिकीट : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : मुंबईच्या सर्व मेट्रो मार्गिकांवर चालणारा, खिडकीवर रोखीने मिळणारा पर्यटक पास सुरू करण्याबाबत.

महोदय,

सोलापूरची सिद्धेश्वर, कोल्हापूरची महालक्ष्मी, मराठवाड्यातून येणारी देवगिरी आणि गोंदियाहून निघालेली विदर्भ एक्सप्रेस या गाड्या रोज सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर (सीएसएमटी) राज्याच्या कानाकोपऱ्यातली माणसे उतरवतात. त्यांतले काही कोर्टाच्या कामासाठी आलेले असतात, काही इस्पितळासाठी, काही आपल्याच मंत्रालयातल्या एखाद्या अडकलेल्या फायलीसाठी. पण दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्यांत मोठा भरणा असतो तो केवळ मुंबई पाहायला आलेल्या कुटुंबांचा. मी सोलापूरचा रहिवासी आहे आणि पाहुण्यारावळ्यांना मुंबई दाखवून आणण्याचे काम आमच्या घरात बहुधा माझ्याकडेच येते. त्या अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

९ ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ ही मार्गिका आरे ते कफ परेड अशी पूर्ण लांबीने प्रवाशांसाठी खुली झाली. साडेतेहतीस किलोमीटर आणि २७ स्थानके असलेल्या या मार्गिकेचा नकाशा पाहिला, तर ती जणू बाहेरगावच्या माणसासाठीच आखली असावी असे वाटते. विमानतळाचे टी१ आणि टी२, सिद्धिविनायक, दादर, वरळी, विज्ञान केंद्र, गिरगाव, मुंबादेवीचा परिसर असलेले काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि विधान भवन ही सारी ठिकाणे एकाच मार्गिकेवर आली आहेत. चर्चगेटला जमिनीवर आले की थोड्याच अंतरावर ओव्हल मैदान लागते. त्याच्या एका बाजूला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर आहेत, तर दुसऱ्या बाजूला आर्ट डेको शैलीच्या इमारतींची रांग. हा सगळा परिसर २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. एरवी टॅक्सीवाल्याशी घासाघीस करत किंवा लोकलच्या गर्दीत मुलांचे हात घट्ट धरून जी मुंबई पाहावी लागत असे, ती आता गारव्यात बसून पाहता येते. याबद्दल शासनाचे अभिनंदन करायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

अडचण तिकिटाची आहे. मेट्रोची भाडेरचना रोज घरून कामावर आणि कामावरून घरी जाणाऱ्या माणसासाठी केलेली आहे, आणि ते योग्यही आहे. तो माणूस दिवसातून दोनदा बसतो, लांबचे अंतर तोडतो आणि एका कार्डावर महिना काढतो. पर्यटकाचे सगळेच याच्या उलट असते. तो सीएसएमटीहून सिद्धिविनायकाला जातो, दर्शन झाले की दोन-तीन स्थानके मागे येऊन विज्ञान केंद्रात शिरतो, तिथून गिरगावला उतरतो आणि संध्याकाळी चर्चगेट गाठतो. म्हणजे अंतरे आखूड, चढउतार फार, आणि प्रत्येक चढण्याला नवे तिकीट. मेट्रो ३ चे भाडे १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत आहे. एकट्या माणसाला ते जड नाही, परंतु आजी-आजोबा, नवरा-बायको आणि दोन मुले असे सहा जणांचे कुटुंब दिवसभरात पाच वेळा गाडीत बसले, तर तीस तिकिटे होतात आणि पाच वेळा रांग लावावी लागते. मग तिसऱ्या फेरीला आजोबाच म्हणतात, "जाऊ दे, टॅक्सी कर."

त्यात मार्गिका बदलायची वेळ आली की गुंता वाढतो. घाटकोपर–वर्सोवा ही मेट्रो १, जी ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, ती एक खासगी कंपनी चालवते आणि त्या कंपनीत मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, म्हणजे एमएमआरडीएचा, २६ टक्के हिस्सा आहे. मेट्रो २अ आणि ७ या मार्गिका एमएमआरडीएच्याच महामुंबई मेट्रो परिचालन मंडळाकडे आहेत. मेट्रो ३ ही केंद्र आणि राज्य यांच्या संयुक्त मालकीच्या महामंडळाची. या तीन संस्थांच्या तीन व्यवस्था आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून निघून सिद्धिविनायकाला जायचे, तर मेट्रो ७ ने गुंदवली, तिथून पादचारी पुलाने मेट्रो १, मग मरोळ नाक्याला मेट्रो ३ असा प्रवास होतो आणि एका दिशेच्या या प्रवासात तिन्ही संस्था येतात. मुंबईकराला हे अंगवळणी पडले असेल. पहिल्यांदा आलेल्या माणसाला एका मेट्रोतून उतरून दुसऱ्या मेट्रोत बसताना पुन्हा तिकीट का काढायचे, हे समजावून सांगावे लागते, आणि खरे सांगायचे तर ते समजावण्याजोगे उत्तर माझ्याजवळ नाही.

यावर 'मुंबई वन' हे ॲप आहे, असे आपले अधिकारी सांगतील. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या या ॲपने मेट्रो, लोकल, बेस्ट आणि आसपासच्या महापालिकांच्या बससेवा मिळून ११ सार्वजनिक वाहतूक सेवा एका ठिकाणी आणल्या, आणि एका प्रवासातल्या वेगवेगळ्या टप्प्यांचे तिकीट एकदम काढण्याची सोय केली. ही मोठीच गोष्ट आहे. मात्र ॲप उतरवून घ्या, नोंदणी करा, ऑनलाइन पैसे भरा, जमिनीखालच्या स्थानकात फोनला रेंज मिळेल अशी आशा धरा आणि मग एकाच फोनवरचे सहा क्यूआर कोड फाटकावर एकामागून एक दाखवा, ही सगळी कसरत दोन दिवसांसाठी आलेल्या कुटुंबाने करावी अशी अपेक्षा रास्त नाही. शिवाय हे ॲप तिकिटे एकत्र आणते, दर प्रवासाचे भाडे मात्र तसेच राहते. रांग वाचते, हिशेब बदलत नाही.

मी मागतो आहे ती सोय नवीन नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत एक, तीन आणि पाच दिवसांचे पर्यटक तिकीट कित्येक वर्षांपासून मिळते आणि ते पश्चिम, मध्य व हार्बर या तिन्ही मार्गांवर चालते. दिल्ली मेट्रोचे पर्यटक कार्ड एका दिवसासाठी २०० आणि तीन दिवसांसाठी ५०० रुपयांना मिळत आले आहे, त्यातले ५० रुपये कार्ड परत केल्यावर परत मिळतात. मेट्रो ३ चे दैनंदिन परिचालन याच दिल्ली मेट्रोकडे सोपवलेले आहे, तेव्हा अशी योजना राबवण्याचा अनुभव हाताशीच आहे. आपल्याकडेही मेट्रो २अ आणि ७ साठी एका दिवसाचा ८० आणि तीन दिवसांचा २०० रुपयांचा अमर्याद प्रवासाचा पास जाहीर झाला होता. गंमत अशी की राष्ट्रीय उद्यान सोडले, तर दहिसर ते अंधेरी या पट्ट्यात बाहेरगावच्या माणसाने पाहावे असे थोडेच आहे. पास तिथे जाहीर झाला आणि पाहण्यासारखी मुंबई मात्र मेट्रो ३ वर राहिली.

म्हणून विनंती अशी की, मेट्रो १, २अ, ७ आणि ३ या सर्व मार्गिकांवर, तसेच पुढे सुरू होणाऱ्या मार्गिकांवरही, चालेल असा एक दिवसाचा आणि तीन दिवसांचा पास काढावा. तो सीएसएमटी, दादर, मुंबई सेंट्रल आणि विमानतळाच्या दोन्ही स्थानकांतील खिडक्यांवर रोख पैसे देऊन, फोन नंबर किंवा ओळखपत्र न मागता मिळावा. कुटुंबासाठी एकत्र पास असावा आणि शाळांच्या सहलींना सवलत असावी. तीन संस्थांमध्ये पैशांची वाटणी कशी करायची हा प्रश्न अवघड असल्याचे सांगितले जाईल, परंतु 'मुंबई वन'च्या एकत्रित तिकिटामुळे अशा वाटणीची वाट आधीच खुली झालेली आहे. ज्यांच्याजवळ राष्ट्रीय सामायिक कार्ड, म्हणजे वेगवेगळ्या शहरांतल्या मेट्रो-बसला चालणारे एकच कार्ड, आहे त्यांच्यासाठी, लंडनमध्ये आहे तशी, दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा घालता येईल. तिथे माणूस दिवसभर कितीही फिरला तरी ठरलेल्या रकमेपलीकडे पैसे कापले जात नाहीत. परंतु तो दुसरा टप्पा झाला. आधी खिडकीवरचा कागदी पास.

यात उत्पन्न बुडेल अशी भीती मला वाटत नाही. पर्यटक सकाळी नऊच्या गर्दीत अंधेरीला जायला निघत नाही. तो साडेदहा-अकराला बाहेर पडतो, दुपारी फिरतो, रविवारी जास्त फिरतो. म्हणजे नेमक्या ज्या वेळी डब्यांत जागा असते त्याच वेळी तो येतो. तो मेट्रोत बसला नाही, तर त्याचे पैसे दुसऱ्या मार्गिकेला मिळत नाहीत, ते टॅक्सीला जातात.

तिकिटाला जोडूनच स्थानकांच्या नावांचा प्रश्न आहे. 'महालक्ष्मी' स्थानकावर उतरलेल्या भाविकाला देवीचे मंदिर जवळच असेल असे वाटते. प्रत्यक्षात ते तिथून सुमारे दोन किलोमीटरवर आहे. 'अंधेरी पश्चिम' हे मेट्रो २अ चे स्थानक डी. एन. नगरला आहे, अंधेरी रेल्वे स्थानकाला लागून नाही. मुंबई सेंट्रलहून गुजरातची गाडी पकडायची, तर 'जगन्नाथ शंकर शेठ' हे नाव लक्षात ठेवावे लागते. नाना शंकरशेटांनी मुंबईच्या रेल्वेसाठी जे केले ते पाहता हा मान त्यांना मिळाला हे योग्यच झाले. शिवाय टर्मिनस, विमानतळ आणि वस्तुसंग्रहालय या तिन्ही ठिकाणांना छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे, त्यामुळे "शिवाजी महाराजांच्या नावाचे स्थानक कुठले?" असे विचारणाऱ्याला तीन वेगवेगळी उत्तरे मिळू शकतात. नावे बदलावीत असे मी म्हणत नाही, त्यात फार राजकारण आहे आणि उपयोग थोडा. पण प्रत्येक स्थानकात, गाडीतून उतरताच दिसेल असा, ठळक मराठीतला एक फलक हवा : जवळचे पाहण्याचे ठिकाण कोणते, त्यासाठी कोणत्या क्रमांकाच्या दाराने वर जायचे आणि पायी किती मिनिटे लागतात. गेटवे ऑफ इंडियाच्या अगदी जवळ मेट्रो नाही, हुतात्मा चौकातून तिथवर पायी पंधरा-वीस मिनिटे लागतात. एवढे आधी कळले तर माणूस आनंदाने चालतो, वाटेत वस्तुसंग्रहालयही पाहून घेतो. चुकीच्या दाराने वर येऊन भर उन्हात रस्ता शोधायला लागला, की त्याचा दिवस तिथेच फिसकटतो.

सामान ठेवण्याच्या खोलीबद्दल एवढेच लिहितो की सीएसएमटी आणि दादर या दोन मेट्रो स्थानकांत ती असली, तरी पुष्कळ काम भागेल.

महोदय, वरील तिन्ही संस्थांमध्ये राज्य शासनाचा थेट किंवा एमएमआरडीएमार्फत वाटा आहे. एकीने दुसरीला पत्र लिहून हे काम होणार नाही, ते आपल्या पातळीवर बैठक बोलावूनच होईल. त्या बैठकीला पर्यटन विभागालाही बोलवावे, कारण राज्याच्या पर्यटन महामंडळाची निवासस्थाने आणि कार्यालये राज्यात ठिकठिकाणी आहेत आणि हा पास तिथेही विकता येईल. येत्या मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी निदान मेट्रो ३ पुरता एक दिवसाचा पास सुरू करावा आणि बाकीच्या मार्गिका त्यात केव्हा येतील याची तारीख जाहीर करावी, ही विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
सोलापूरचा एक नागरिक

प्रत माहितीसाठी : माननीय पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य