धुरापासून इंधन करतात, ठीक आहे, पण पूर्ण हिशोब छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

धुरापासून इंधन, कार्बनपासून मिथेनॉल, प्रदूषणातून कमाई असल्या हेडिंगच्या बातम्या हल्ली सगळ्याच पेपरांत येतात, तुमच्याकडेही येतात. टेक्नॉलॉजीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, नोकरी केमिकल लाइनमध्येच झाली माझी. तक्रार एवढीच की बातमीत धुरातला किती टन कार्बन डायऑक्साइड गॅस पकडला ते असतं, कितीपैकी पकडला ते कधीच नसतं.

एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचं विंध्याचलचं कोळशाचं वीज केंद्र घ्या, मध्य प्रदेशातलं, ४७६० मेगावॉटचं. तिथे २०२२ मध्ये रोज २० टन कार्बन डायऑक्साइड पकडणारा प्लांट लागला, त्यापासून दिवसाला १० टन मिथेनॉल, म्हणजे इंधन म्हणून जाळता येणारं अल्कोहोल, करायचं असा बेत. चांगलंय, कुणीतरी सुरुवात करायलाच हवी होती. पण जरा कॅल्क्युलेटर घेऊन बसा. केंद्र ८० टक्के लोडवर चाललं तर दिवसाला ९ कोटी युनिटच्या वर वीज होते, कोळशाच्या एका युनिटमागे ९०० ग्रॅम धरले तरी रोजचे ८० हजार टन. म्हणजे दिवसभर खपून जेवढा पकडला तेवढा गॅस ते केंद्र वीस-बावीस सेकंदांत सोडतं! ही एक ओळ बातमीत असती तर वाचकाला कळलं असतं की हा प्रयोग आहे, उपाय नव्हे.

आता मिथेनॉल. एक टन मिथेनॉलला साधारण १.४ टन कार्बन डायऑक्साइड लागतो, तो मिळेल हो, धुराला काय तोटा आहे, पण सोबत १९० किलो हायड्रोजन पण लागतो आणि तो पाण्यातून विजेने काढायचा तर किलोमागे ५०-५५ युनिट जातात. झाले ना १० हजार युनिट. आणि ते एक टन मिथेनॉल जाळल्यावर उष्णता मिळते साडेपाच हजार युनिटची. दहा रुपये देऊन साडेपाच घ्यायचे असा हा व्यवहार. बरं ही वीज ग्रिडमधून घेतली तर आपल्याकडे सरासरी एका युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे १.४ टन वापरायला ७ टन हवेत सोडले, आणि मिथेनॉल जाळलं की तो १.४ पण परत हवेतच. सोलरची वीज वापरली तर गणित सुधारतं हे मान्य, पण मग तीच वीज सरळ ग्रिडला देऊन तेवढा कोळसा का वाचवू नये, त्यात तर नऊएक टन वाचतात. लांब पल्ल्याच्या जहाजांना बॅटरी पुरत नाही, तिथे असं मिथेनॉल कामाचं आहे, किंवा दुपारची सोलर वीज फुकट जात असेल तेव्हा. बाकी ठिकाणी मला तरी पटत नाही.

पकडलेल्या गॅसचं पुढे काय होतं हे पण विचारायला पाहिजे. आमच्या चेंबूरला आरसीएफ या खत कारखान्यात युरिया बनतो, त्यात कार्बन डायऑक्साइड लागतोच, नवीन काही नाही त्यात, पण युरिया शेतात टाकला की थोड्या दिवसांत तो गॅस सुटून जातो. काँक्रीटमध्ये किंवा दगडात खनिज करून बसवला तर शेकडो वर्षं राहील. दोन्हीला "कार्बनचा वापर" असं एकच लेबल लावून छापतात, त्याचा मला जास्त राग येतो. पवईला आयआयटीत यावर केंद्र सरकारच्या मदतीने सेंटर आहे, फोन करून विचारलं तर ते सांगतील ना तुमच्या रिपोर्टरला.

कोळसा उद्याच बंद करा असं मी म्हणत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईत लाइट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा शहरातली वीज शहरात असण्याची किंमत सगळ्यांना कळली. पण मुंबईतल्याच ट्रॉम्बे वीज केंद्रातला कोळशाचा ५०० मेगावॉटचा एक संच पण याच हिशोबाने दिवसाला साडेआठ हजार टनांच्या घरात जातो. महापालिकेच्या २०२२ च्या क्लायमेट ॲक्शन प्लॅनमध्ये मुंबईचं २०१९ चं उत्सर्जन २.३४ कोटी टन दिलंय, त्यातलं ७२ टक्के ऊर्जेचं. या आकड्यांशेजारी रोजचे २० टन ठेवून बघा.

आकडे मिळत नाहीत ही सबब चालणार नाही. सेबीच्या नियमाने मोठ्या लिस्टेड कंपन्यांना दरवर्षी उत्सर्जन जाहीर करावं लागतं. तेही नीट वाचा मात्र. रिफायनरी स्वतःच्या चिमणीचा आणि विकत घेतलेल्या विजेचा आकडा देते, पण तिचं पेट्रोल-डिझेल ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर जळतं त्याचा कार्बन चिमणीच्या कितीतरी पट असतो आणि तो या दोन्हीत येत नाही. पुढच्या वेळी माहुलच्या एखाद्या रिफायनरीची अशी बातमी आली की छापण्याआधी तो तिसरा आकडा त्यांच्याकडे मागा, आणि नाही दिला तर नाही दिला असंही छापा.

आपला,
एक वाचक, चेंबूर