आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: बाळाच्या कार्डावर एक ओळ हवी

मा. आरोग्यमंत्री,
स.न.वि.वि.

मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. दम लागलेलं तान्हं बाळ येतं तेव्हा त्याचं पोट उडत असतं, दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. त्याला मांडीवर घेऊन वाफेचा मास्क धरणाऱ्या वडिलांच्या शर्टाला पुष्कळदा सिगारेटचा वास येतो. विचारलं की उत्तर ठरलेलं: "बाळासमोर नाही ओढत, खिडकीशी उभा राहतो."

या बापाचा बाळावर जीव आहे, यात मला शंका नाही. खिडकीने भागत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. जळत्या टोकाचा धूर घरभर फिरतो, कपड्यांवर, केसांवर, पडद्यांवर बसतो. मोठा माणूस मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो, तान्हं बाळ 30 ते 60. त्याच्या श्वासनलिका इतक्या बारीक, की जराशा सुजेनेही वाट बंद होऊ लागते. मग ब्रॉन्कायोलायटिस (बारीक श्वासनलिकांना येणारी सूज), न्यूमोनिया, दमा, कानाची दुखणी. 2004 या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालची सुमारे 1,65,000 मुलं अशा धुरामुळे झालेल्या श्वसनसंसर्गाने दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

सार्वजनिक ठिकाणी बंदी घातली तर लोक घरात जास्त ओढतील, अशी भीती घातली जाते. स्कॉटलंडने 2006 मध्ये ती बंदी आणली. त्याआधी दम्यासाठी दाखल होणाऱ्या मुलांची संख्या दरवर्षी वाढत होती. नंतर ती वर्षाला सुमारे 18 टक्क्यांनी घटू लागली. मुलं गाडीत असताना धूम्रपान करायला इंग्लंडने 2015 पासून मनाई केली. तसा कायदा आपणही करावा.

घरात मात्र पोलीस धाडून काही होणार नाही, तिथे विचारावंच लागेल. लसीकरणाला बाळ येतं तेव्हा वजन लिहितात, तसंच "घरात कोण धूम्रपान करतं?" हेही कार्डावर लिहिलं जावं. आईला विचारून थांबू नये, ओढणारा बहुतेक वेळा दुसराच असतो. त्याला बोलवावं, आणि सोडायची तयारी असेल तर समुपदेशन व निकोटिनच्या गोळ्या तिथेच, विनामूल्य मिळाव्यात. बाळ आजारी असताना सोडायची इच्छा खरी असते. पुढच्या महिन्याची तारीख दिली की ती विरते.

कार्डांची पुढची छपाई होईल तेव्हा ही ओळ त्यात असेल का, हे कृपया जाहीर करावं.

आपली,
बालरुग्ण विभागातील एक परिचारिका